बंगल्यातला स्विमिंग पूल: हातात तीन कोटेशनं, काम कोणाला द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. कर्जतजवळ स्वतःच्या बंगल्याच्या आवारात ८ × ४ मीटरचा, छातीच्या आसपास पाणी येईल असा पूल बांधायचा आहे. तीन कोटेशनं आली आहेत: सव्वानऊ लाख, पावणेचौदा लाख आणि साडेसतरा लाख. पहिलं गावातल्या ओळखीच्या बांधकाम ठेकेदाराचं, दुसरं फक्त पूलचीच कामं करणाऱ्याचं. तिसरं पंप-फिल्टर विकणाऱ्या कंपनीचं, जी सिव्हिल काम दुसऱ्याकडून करून घेते. सध्या ऑगस्ट आहे. दिवाळीनंतर काम काढून मे महिन्याच्या सुट्टीत पूल वापरायचा आहे. काम कोणाला द्यावं?

आत्ता आहेत त्या कागदांवर कोणालाच देऊ नका. ही एकाच पूलची तीन कोटेशनं नाहीत, तीन वेगवेगळ्या पूलांची आहेत. दर बघण्याआधी तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: पूल गळला, तर गळती शोधणं, टाइल फोडणं, दुरुस्ती करणं आणि टाइल परत लावणं हा सगळा खर्च कोण करणार? याला सरळ उत्तर देणारा एकच माणूस हवा. काँक्रीट एकाचं, वॉटरप्रूफिंग दुसऱ्याचं आणि पाइपलाइन तिसऱ्याची असली की गळतीच्या वेळी तिघेही साइटवर येतात, एकमेकांकडे बोट दाखवतात आणि चहा पिऊन जातात. शेवटी पैसे मालकाचे जातात. म्हणून सिव्हिल, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याखालची पाइपलाइन या तीन गोष्टी कागदावर एकाच नावावर हव्यात. त्याने आत कोणाला पोटकंत्राट द्यायचं ते त्याचं त्याने बघावं. पंप, फिल्टर, लाइट वेगळ्याकडून घेतले तरी चालतं, कारण ते उघड्यावर असतात आणि बिघडले तर बदलता येतात.

आता कोटेशनं एका रांगेत कशी आणायची ते बघू. त्यासाठी तुमच्या पूलचा हिशोब तुम्हाला स्वतःला माहीत पाहिजे. पाण्याची सरासरी खोली १.३ मीटर धरली तर ८ × ४ × १.३ म्हणजे जवळपास ४२ हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकर चारपेक्षा थोडे जास्त. भिंती आणि राफ्ट (तळाचा काँक्रीटचा स्लॅब) २०० मिमी जाडीचे धरले, तर राफ्टला सुमारे साडेसात घनमीटर आणि भिंतींना तेवढंच, मिळून १५ घनमीटर काँक्रीट लागतं. घनमीटरला १०० ते ११० किलो या अंदाजाने सळई १५०० ते १६५० किलो. दहा मिमीची सळई मीटरला ०.६१७ किलो भरते, म्हणजे १२ मीटरचा एक गज ७.४ किलोचा. १६०० किलोचे साधारण २१५ गज होतात. साइटवर गाडी उतरताना हे मोजायला दहा मिनिटं लागतात, आणि वजनकाट्याची पावती मागितली की ठेकेदाराला कळतं की मालक मोजणारा आहे.

नेमकी सळई किती आणि कुठल्या अंतरावर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं, मिस्त्रीने नाही. पूलची भिंत दोन उलट्या परिस्थितींत टिकली पाहिजे. आत पाणी भरलेलं आणि बाहेर माती नाही, ही पहिली. पूल रिकामा आणि बाहेर भिजलेल्या मातीचा दाब, ही दुसरी. पहिल्यात भिंत बाहेर ढकलली जाते, दुसऱ्यात आत. म्हणून सळईची जाळी दोन्ही बाजूंना लागते. ठेकेदाराला विचारा, डिझाइन या दोन्हींसाठी आहे का. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ हे उत्तर मिळालं तर इंजिनिअरची सहीवाली ड्रॉइंग तुम्ही स्वतः करून घ्या आणि तीच तिघांना द्या. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० हा वेगळा भारतीय मानक कोड आहे आणि त्यात आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम ३० दर्जा सांगितला आहे; एमपुढचा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत. घराच्या स्लॅबला घालतात ते एम २० इथे चालत नाही. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हाच फरक लपलेला असतो: भिंत १५० मिमी, सळई ८ मिमीची एकाच जाळीत आणि साइटवर पाट्या मोजून केलेला माल.

दुसरा फरक ‘काय धरलेलं नाही’ यात असतो. सव्वानऊ लाखांच्या कागदावर ‘पूल कंप्लीट विथ फिल्ट्रेशन’ एवढंच लिहिलं असेल, तर पुढचं एकेक विचारून शेजारी आकडा लिहून घ्या. खोदाईत कातळ लागला तर ब्रेकरचा तासाचा दर काय? निघालेली माती कोण हलवणार? तुमच्या मापाला काम करायची जागा धरून खड्डा ९.५ × ५.५ मीटर, खोली १.८ मीटर होतो. म्हणजे ९४ घनमीटर, सुमारे ३३ ब्रास, आणि सुटी झाल्यावर माती पाव पटीने फुगते. पंपरूम, मीटरपासून पंपापर्यंतची केबल, काठाचं कोपिंग, भोवतालचं फरशीकाम, बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतानाच्या) पाण्याचा शोषखड्डा, चाचणीचं आणि पहिल्या भरण्याचं पाणी, जीएसटी. हे सगळं जोडल्यावर सव्वानऊ आणि पावणेचौदामधलं अंतर बरंचसं मिटतं. उरतं ते खऱ्या कामाच्या दर्जाचं अंतर, आणि ते खर्च करण्यासारखं असतं.

कर्जतच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांत आधी बघायची, ती म्हणजे जमिनीतलं पाणी. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वर मुरूम आणि खाली काळा कातळ अशी जमीन असली, तर कातळात खोदलेला खड्डा हा हौदच होतो. चहूबाजूंचं पाणी त्यात येतं आणि निचरा होत नाही. आता तुमच्या पूलचं वजन बघा. १५ घनमीटर काँक्रीट म्हणजे साडेसदतीस टन, त्यावर गिलावा आणि टाइलचे तीन-चार टन, असे एकूण ४१ टन. पूलचं बाहेरचं माप ८.४ × ४.४ मीटर, म्हणजे ३७ चौरस मीटर. ४१ भागिले ३७ केलं की १.१ येतात. याचा अर्थ, पूल रिकामा असताना राफ्टच्या तळापासून जमिनीतलं पाणी १.१ मीटर चढलं, की पूल उचलला जाण्याच्या बेतात येतो. पूर्ण खोलीपर्यंत पाणी चढलं तर उचलणारं बल ६० टनांच्या वर जातं. पूल भरलेला असेल तर काही होत नाही. जुलै महिन्यात ‘जरा साफ करून घेऊ’ म्हणून रिकामा केला की एक कोपरा वर येतो, पाइप तुटतात, आणि मग दुरुस्तीला अर्थ उरत नाही. तयार फायबरचा पूल बसवायचा विचार असेल तर हा धोका जास्तच, कारण त्याला वजनच नसतं.

तुमचा प्रश्न ऑगस्टमध्ये आला हे बरं झालं. आत्ताच, काम कोणालाही न देता, पूलच्या जागेपासून तीन-चार मीटरवर जेसीबीने दोन मीटर खोल चाचणीखड्डा काढा. भोवती पक्कं कुंपण करा, त्यात मूल किंवा जनावर पडता कामा नये. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी पाणी किती खाली आहे ते मोजून ठेवा. कातळ किती खोलीवर लागतो तेही त्याच खड्ड्यात दिसेल, म्हणजे ब्रेकरचा वाद आधीच मिटला. हे आकडे तिघांनाही द्या आणि ते काय करतात ते बघा. ज्याला काम कळतं तो सांगेल: राफ्टखाली दगडाचं सोलिंग आणि खडीचा थर, त्यातून छिद्रांचा पाइप काढून उताराकडे मोकळा सोडणं, उतार नसेल तर बाजूला एक निरीक्षण विहीर आणि त्यात सबमर्सिबल पंप. शिवाय तळाच्या मेन ड्रेनमध्ये (तळातून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या तोंडात) हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, जो बाहेरचा दाब वाढला की उघडून जमिनीतलं पाणी पूलमध्ये घेतो. हा व्हॉल्व्ह स्वस्त असतो, पण त्याच्या खाली-भोवती स्वच्छ खडी नसेल तर मातीने चोंदतो आणि मग असून नसून सारखाच. ज्याने हे आकडे बघून ‘काही होत नाही साहेब’ म्हटलं, त्याचं नाव तिथेच खोडा.

आता गळतीकडे. बरं काँक्रीट सहसा मधूनच गळत नाही, ते जोडांत, भोकांत आणि पाइपांच्या कडेने गळतं. म्हणून मुलाखतीत याच तीन जागांबद्दल विचारा.

जोड म्हणजे राफ्ट आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ. सगळं एकाच दिवशी ओतणं क्वचितच जमतं. चांगला ठेकेदार राफ्टबरोबरच भिंतीची पहिली १५० मिमी उंची ओततो, म्हणजे जोड कोपऱ्यातून वर येतो. त्या जोडात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी, अर्धी खालच्या काँक्रीटमध्ये आणि अर्धी वरच्या, नाहीतर पाण्याने फुगणारी पट्टी बसवतो. दुसऱ्या ओतण्याआधी जुना पृष्ठभाग टाचून, धुऊन, खडी उघडी करतो. वॉटरस्टॉप सळईला तारेने नीट बांधलेली नसेल तर काँक्रीट पडताना ती दुमडते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ओतण्याच्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन प्रत्येक बाजूचा फोटो घ्या.

भोकांचं प्रकरण सेंटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचं आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटा एकमेकींना धरून ठेवायला सेंटरिंगवाले आरपार पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून त्यातून बोल्ट टाकतात. प्लेटा काढल्या की बोल्ट निघतो, पाइपचा तुकडा भिंतीतच राहतो. भिंतभर अशी तीस-चाळीस भोकं असतात. मग मिस्त्री त्यांच्या तोंडाशी बोटाने सिमेंट लिंपतो, वर गिलावा होतो, आणि पाणी त्या पाइपच्या कडेने सुखात बाहेर जात राहतं. बरोबर पद्धत अशी: प्लेटा धरायला मधोमध पाणी अडवणारी चकती असलेला टाय-रॉड (आरपार जाणारा दांडा) वापरायचा. नाहीतर पाइपचा तुकडा ड्रिलने पूर्ण काढून भोक दोन्ही बाजूंनी आकसत नसलेल्या ग्राउटने ठासून भरायचं. ‘भिंतीच्या टाय-रॉडचं काय करता?’ हा एक प्रश्न पूलचं काम केलेला आणि फक्त घरं बांधलेला ठेकेदार दोन मिनिटांत वेगळे करून दाखवतो.

पाइप तिसरा. स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारं तोंड), इनलेट (गाळलेलं पाणी परत येतं ते तोंड), मेन ड्रेन, लाइटची पेटी यांतलं काहीही भिंत ओतून झाल्यावर कोअर मारून, म्हणजे भोक पाडून बसवायचं नाही, आधी सळईत बांधून मग ओतायचं. काँक्रीटमधून जाणाऱ्या प्रत्येक पाइपवर पडल फ्लँज (पाइपभोवतीची पाणी अडवणारी कड) हवा, कारण गुळगुळीत पीव्हीसीला काँक्रीट चिकटत नाही. सगळी लाइन बंद करून २ ते ३ किलोच्या दाबावर २४ तास ठेवायची, आणि काँक्रीट ओततानाही गेज लावलेलाच ठेवायचा. वायब्रेटर लागून पाइप फुटला तर काटा तिथल्या तिथे पडतो, म्हणजे ओलं काँक्रीट असतानाच कळतं.

काँक्रीट आरएमसी (तयार मिसळलेल्या काँक्रीटच्या) प्लँटवरून मागवा. ६ घनमीटरच्या गाड्या धरल्या, आणि राफ्ट व भिंती वेगळ्या दिवशी ओतल्या, तर चार फेऱ्या होतील. गाडी आल्यावर ‘माल कडक आहे’ म्हणून ड्रायव्हर किंवा मिस्त्री ड्रममध्ये पाण्याची नळी सोडतो. हे होऊ देऊ नका, एम ३० तिथेच संपतं. माल सैल हवा असेल तर प्लँटला तसं आधी सांगायचं, ते अॅडमिक्श्चर (माल सैल करणारं रसायन) घालून देतात. एवढ्या काँक्रीटला आयएस ४५६ प्रमाणे किमान दोन नमुने लागतात, प्रत्येकी तीन क्यूबचे (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे), आणि २८ दिवसांचा निकाल हातात यायला हवा. सात दिवसांच्या निकालासाठी तीन क्यूब जास्तीचे भरा. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) सिमेंटचे तयार घ्या, कपचीचे तुकडे चालणार नाहीत. पाणी मारणं किमान १४ दिवस. भिंतींना नुसतं नळीने पाणी मारलं तर ते पाच मिनिटांत वाळतं, म्हणून ओली गोणपाटं टांगायची.

यानंतर येते ती चाचणी, जिच्यावर सगळा करार टांगलेला असावा. काँक्रीटला २८ दिवस झाल्यावर, गिलावा, वॉटरप्रूफिंग, टाइल यांतलं काहीही करण्याआधी आणि बाहेरची माती भरण्याआधी, कोरा पूल पाण्याने भरायचा. पहिले सात दिवस काँक्रीट पाणी पितं, तेव्हाची घट सोडून द्या. पुढचे सात दिवस रोज एकाच वेळी खूण करा. शेजारी पायरीवर पाण्याची बादली अशी ठेवा की बादलीतल्या आणि पूलमधल्या पाण्याची पातळी सारखी असेल. दोन्हींतली घट सारखी म्हणजे ते बाष्पीभवन. पूलची घट जास्त म्हणजे गळती. शिवाय बाहेरून भिंती मोकळ्या असल्यामुळे ओला डाग कुठे आहे हे डोळ्यांनी दिसतं. गळती आतून दुरुस्त करून परत भरायचं. मग सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती फायबरची जाळी, आणि पुन्हा भरून तपासणी. त्यानंतरच टाइल. बरेच ठेकेदार पहिली चाचणी टाळतात, कारण त्यात वेळ जातो आणि चार टँकर लागतात. कोरी भिंत कोटिंगच्या जिवावर धरलेली असली की पाच-सात वर्षांनी ती सोडते, आणि तेव्हा कारण शोधायला टाइल फोडावी लागते. चाचणीचं पाणी वाया घालवायची गरज नाही, ते टाकीत काढून पुढच्या भरण्याला वापरता येतं.

टाइल साध्या सिमेंटच्या लगद्यावर लावायची नाही, पाण्याखाली चालणारं पॉलिमरयुक्त अॅडहेसिव्ह आणि सांध्यांना इपॉक्सी ग्राउट. ग्राउट झाल्यावर आठवडाभर पाणी भरायचं नाही. काचेची मोझॅक घेणार असाल तर कागद समोरून चिकटवलेली निवडा. मागून जाळी असलेली पाण्यात सुटण्याचे प्रकार जास्त होतात, कारण जाळीच्या गोंदावरच टाइल बसलेली असते.

यंत्रांची मापं तुम्हाला दहा मिनिटांत तपासता येतील. घरच्या पूलचं सगळं पाणी पाच तासांत एकदा फिल्टरमधून जावं असं धरलं, तर ४२ घनमीटरला तासाला साडेआठ घनमीटर प्रवाह लागतो. वाळूच्या फिल्टरमधून पाणी जितकं सावकाश जाईल तितकं गाळलं जातं. चौरस मीटरला तासाला ३० घनमीटर हा वेग धरला, तर ६०० मिमी व्यासाचा फिल्टर बरोबर येतो. कोटेशनमध्ये ४५० मिमीचा फिल्टर आणि दीड एचपीचा पंप दिसला तर उलटं झालं आहे: लहान फिल्टरमधून जोराने पाणी ढकलतात, वाळूत वाटा पडतात आणि पाणी गढूळच राहतं. तुम्हाला पाऊण ते एक एचपीचा पंप पुरेल. सक्शनला ६३ मिमी आणि रिटर्नला ५० मिमी पाइप. पाण्याचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे, तेव्हा दोन स्किमर, आणि ते वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर, म्हणजे पालापाचोळा आपोआप तिकडे जातो. मेन ड्रेन दोन, एकमेकांपासून किमान एक मीटर दूर, एकाच पाइपला जोडलेले, फुगीर जाळीसह. एकच ड्रेन असेल आणि त्यावर एखाद्या मुलाचं अंग किंवा केस ओढले गेले, तर पंप बंद केल्याशिवाय सुटका होत नाही. या एका बाबतीत कोणाचंही ‘चालतं’ ऐकू नका.

इन्फिनिटी किंवा ओव्हरफ्लो पूलचा आग्रह कोणी धरला तर आधी बॅलन्सिंग टँकबद्दल (काठावरून सांडलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीबद्दल) विचारा. तुमच्या मापाला तीन ते चार हजार लिटरची वेगळी टाकी लागेल, आणि काठ दोन मिमीच्या आत समपातळीत हवा, नाहीतर एका बाजूनेच पाणी सांडतं. पहिल्यांदाच पूल बांधणाऱ्या घराला स्किमरचा पूल बरा. खर्चही कमी आणि बिघडण्यासारखंही कमी.

पंपरूम पाण्याच्या पातळीखाली असली की पंपाला पाणी आपोआप मिळतं. पण तुमच्याकडे जमिनीत खोदलेली पंपरूम पहिल्याच पावसात बुडेल. म्हणून जमिनीवर, पूलच्या शक्य तितकी जवळ, सेल्फ-प्रायमिंग (खालून पाणी स्वतः ओढून घेणाऱ्या) पंपासह करा, आणि सक्शन लाइनला पंपाकडे सतत चढ द्या. मध्ये उंचवटा आला तर तिथे हवा अडकते. फिल्टरच्या बॅकवॉशला प्रत्येक वेळी चार-पाचशे लिटर पाणी जातं. ते क्लोरीनचं असतं, झाडांच्या मुळाशी सोडू नका. वीजखर्चाचा अंदाज हवा असेल तर एक एचपीचा पंप तासाला जवळपास एक युनिट घेतो. दिवसाला सहा तास चालवला तर महिन्याला १८० युनिट.

विजेचं काम लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि करारात तसं लिहून. पाण्याखालचे लाइट १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर पूलपासून दूर. पूलच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग. पूलची सळई, शिडी, रेलिंग हे सगळं धातू एकमेकांना जोडून अर्थला नेलेलं हवं. सळईची जोडणी काँक्रीट ओतण्याआधीच करावी लागते, नंतर आठवून उपयोग नाही.

जुनं काम बघायला जाताना नवा चकचकीत पूल बघू नका. किमान तीन पावसाळे काढलेला पूल दाखवा म्हणावं, आणि मालकाशी ठेकेदार बाजूला असताना बोला. विचारा, आठवड्याला किती पाणी वरून घालावं लागतं? उन्हाळ्यात दिवसाला ५ ते ८ मिमी उडतं. तुमच्या मापाच्या पूलला ते आठवड्याला अकराशे ते अठराशे लिटर होतं. कोणी ‘दर चार दिवसांनी एक टँकर’ म्हणालं तर पूल गळतोय, मालकाला अजून माहीत नसलं तरी. मग पाण्याची रेघ बघा. पाणी स्वतः समपातळीत असतंच, म्हणून टाइलच्या सांध्यापासून पाण्याची उंची चारही कोपऱ्यांत मोजली की कारागिरी कळते. पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर एकतर काम वाकडं आहे किंवा पूल भरावावर बसून खचला आहे. पंपरूमही उघडायला सांगा. व्हॉल्व्हवर नावं लिहिली आहेत का, जमीन कोरडी आहे का, फिल्टरच्या गेजचा काटा शून्यावर अडकलेला नाही ना.

पैशांचे टप्पे तारखांना नाही, कामाला बांधा. ड्रॉइंग आणि करारावर १० टक्के, खोदाई-सोलिंग-पीसीसी (राफ्टखालचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) झाल्यावर १५, राफ्ट आणि भिंती झाल्यावर ३०, पाण्याची चाचणी पास झाल्यावर १५, टाइल आणि कोपिंगनंतर १५, यंत्रं चालू करून दिल्यावर १०, आणि उरलेले ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. पन्नास टक्के आगाऊ मागणाऱ्याला तुमच्या पैशातून मागच्या साइटची देणी भागवायची असतात. ‘वॉटरप्रूफिंगची दहा वर्षं गॅरंटी’ असं लिहिलेलं असेल तर खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा ती फक्त केमिकलची असते, टाइल फोडून परत लावण्याची नसते. सुरुवातीचा तो लेखी प्रश्न इथेच कराराचं कलम होतो. पंप आणि फिल्टरची वॉरंटी मात्र उत्पादकाच्या बिलावर तुमच्या नावाने घ्या.

तुमच्या तिघांबद्दल माझं मत: गावातला ठेकेदार ओळखीचा आहे, हाकेला येईल, पण टाय-रॉड आणि वॉटरस्टॉपच्या प्रश्नांना त्याने काय उत्तर दिलं त्यावर ठरवा. उत्तर पटलं नाही तर त्याला कोपिंग, फरशी, पंपरूम आणि कुंपण द्या, मूळ पूल देऊ नका. यंत्रांच्या कंपनीचा साडेसतराचा आकडा यंत्रांमुळे फुगलेला असण्याची शक्यता जास्त. सिव्हिल ती ज्याच्याकडून करून घेते त्याचं नाव आणि गळतीची जबाबदारी कंपनीच्या लेटरहेडवर मिळाली नाही, तर तिच्याकडून फक्त यंत्रं घ्या. मी बोलणी मधल्याशी, म्हणजे फक्त पूलचीच कामं करणाऱ्याशी सुरू केली असती. इंजिनिअरची ड्रॉइंग आणि चाचणीखड्ड्याचे आकडे त्याच्यासमोर ठेवून नवं, बाबवार कोटेशन मागा. त्याने दोन चाचण्या, गळतीचं कलम आणि पावसाळ्यानंतरचे ५ टक्के मान्य केले, आणि आकडा लाखभराने वाढला, तरी काम त्याला द्यावं.

वेळेचं म्हणाल तर खोदाई ते पीसीसी दोन आठवडे, सळई-राफ्ट-भिंती तीन, क्युरिंग आणि दोन्ही चाचण्या मिळून सहा-सात, टाइल तीन, यंत्रं आणि पाणी भरणं एक. म्हणजे पंधरा-सोळा आठवडे. नोव्हेंबरच्या मध्यात सुरू केलं तर मार्चच्या सुरुवातीला पूल तयार होतो. कोणी ‘पंचेचाळीस दिवसांत देतो’ म्हणाला तर तो चाचण्या कुठे बसवणार ते विचारा. बंगल्याच्या मंजूर नकाशात पूल दाखवलेला नसेल, तर परवानगीचं आर्किटेक्टकडून सप्टेंबरमध्येच मार्गी लावा. पूलभोवती १.२ मीटर उंचीचं, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपणही पहिल्या पाण्याआधी उभं राहायला हवं.

काम ताब्यात घेताना प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपलाइनचा नकाशा, काँक्रीटचे क्यूब रिपोर्ट, झाकल्या गेलेल्या कामाचे फोटो आणि पंपरूमच्या भिंतीवर लावलेला व्हॉल्व्हचा तक्ता घ्या. ठेकेदाराच्या माणसाला तुमच्या माळ्यासमोर दोनदा बॅकवॉश करायला लावा, आणि तिसऱ्यांदा माळ्याला करू द्या. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची (फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हची) मूठ फिरवण्याआधी पंप बंद करायचा असतो हे पहिल्या आठवड्यात विसरलं गेलं, की आतला रबरी गॅस्केट फाटतो. मग फिल्टर चालू असतानाही पाणी गुपचूप बॅकवॉशच्या पाइपने शोषखड्ड्यात जात राहतं, आणि सगळे पूलमध्ये गळती शोधत बसतात.